गच्चीवरच्या कुंड्या जमिनीत: टोमॅटो, मिरची, वांग्याच्या पुनर्लागवडीच्या नोंदी

जागा: पुणे, इमारतीमागची मोकळी पट्टी. गच्चीचे वॉटरप्रूफिंग नोव्हेंबरात सुरू होणार असल्याने त्याआधी सगळ्या कुंड्या खाली आणायच्या आहेत. एकूण २४ कुंड्या: टोमॅटो ११, मिरची ६, वांगी ३, भेंडी ३, दोडका १. त्यांपैकी जमिनीत काय लावायचे, कुंडीत काय ठेवायचे आणि फेकायचे काय, हे कुंडीगणिक ठरेल.

२ ऑक्टोबर

जागेची आखणी. पट्टीच्या दक्षिणेला २.१ मीटर उंचीची कंपाउंडची भिंत आहे. दुपारी १२.२० च्या सुमारास (पुण्यात या दिवसांत सूर्य तेव्हा सर्वांत उंच असतो) भिंतीची सावली ८५ सेंटिमीटर पडली. हे बघून वाफा भिंतीपासून एक मीटरवर घ्यावासा वाटतो आणि चूक तिथेच होते. सूर्य २१-२२ डिसेंबरपर्यंत दक्षिणेकडे सरकत राहतो. तेव्हा पुण्यात तो माध्यान्हीला जेमतेम ४८ अंशांवर असतो, म्हणजे वस्तूच्या उंचीच्या सुमारे ०.९ पट सावली. आपल्या भिंतीची सावली तेव्हा १.९ मीटर होईल. ऐन फळधारणेच्या वेळी टोमॅटो सावलीत गेला तर झाड वाढते आणि फुले गळतात. म्हणून वाफ्याची दक्षिण कड भिंतीपासून २.१ मीटरवर धरली.

वाफा ३.६ मीटर लांब, १.२ मीटर रुंद, लांबी पूर्व-पश्चिम. उंच झाडे उत्तरेच्या ओळीत आणि बुटकी दक्षिणेला, म्हणजे टोमॅटोची सावली मिरचीवर पडणार नाही. दोन्ही बाजूंनी ६० सेंटिमीटरची वाट. १.२ मीटरपेक्षा रुंद वाफा घेऊ नये, कारण मधल्या झाडापर्यंत हात पोचवायला वाफ्यात पाय द्यावा लागतो आणि काळ्या मातीत एक पाऊल पडले की तिथली हवा गेली.

४ ऑक्टोबर

माती तपासणी. वरचा १५ सेंटिमीटरचा थर मुरूम आणि राडारोडा: विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, टाइलच्या कपच्या. त्याखाली चिकट काळी माती.

बाटली चाचणी: काळी माती एक तृतीयांश, पाणी दोन तृतीयांश, चिमूटभर धुण्याची पावडर. जोरात हलवून एक दिवस ठेवली. जाड कण मिनिटाभरात बसले, चिकणमातीचा थर दुसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त उंचीचा भरला.

निचरा: ३० सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरला, पूर्ण मुरू दिला, पुन्हा भरून पातळी मोजली. तासाला १.५ सेंटिमीटर. टोमॅटोला हा निचरा अपुरा आहे. सपाट जमिनीत लागवड होणार नाही, गादीवाफाच (जमिनीपेक्षा उंच वाफा) हवा.

चुनखडी: कोरड्या ढेकळावर व्हिनेगर टाकताच फेस आला. मुक्त चुना आहे, म्हणजे सामू (पीएच) साडेसातच्या वर. पुढे लोहाची कमतरता दिसू शकते, हे आत्ताच लिहून ठेवले.

७ ऑक्टोबर

परवाच्या पावसानंतर दोन दिवस खोदाई थांबवली होती. आज वापसा (खोदण्याजोगी ओल) आला. परीक्षा सोपी आहे: मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर खोदावे, थपकन चिकटला तर थांबावे. ओल्या काळ्या मातीत कुदळ मारली की गुळगुळीत कापे पडतात, ते वाळून दगड होतात आणि पूर्ण हंगाम फुटत नाहीत.

वरचा मुरूम-राडारोड्याचा थर काढला. मुरूम चाळून वाटेवर पसरला, सिमेंट आणि टाइल बाहेर. खालची काळी माती पहारीने २५ सेंटिमीटर खोल मोकळी केली, पण उलटली नाही. ढेकळे मुठीएवढीच ठेवली. काळी माती पिठासारखी बारीक केली तर पहिल्या पाण्याला तिची पापडी होते.

माती हलकी करण्यासाठी वाळू घालायची सूचना आली होती, ती मानली नाही. निम्म्याहून अधिक चिकणमाती असलेल्या जमिनीत दोन-चार घमेली वाळू मिसळली की कणांमधल्या पोकळ्या चिकणमातीनेच भरतात आणि विटेसारखा घट्टपणा येतो. फरक पडायला जितकी वाळू लागते तितकी म्हणजे जवळजवळ मातीच बदलणे. इथे काम सेंद्रिय खताचे.

९ ऑक्टोबर

गादीवाफा भरला. उंची २० सेंटिमीटर, कडेला सुट्या विटा, चुना-सिमेंट न लावता. घातलेले साहित्य:

कुजलेले शेणखत ६ घमेली (सुमारे ४५ किलो), गांडूळखत २० किलो, भाताचे तूस २ घमेली, निंबोळी पेंड ५०० ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट २०० ग्रॅम.

शेणखत चाळून घेतले. त्यात हुमणीच्या सात पांढऱ्या, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या निघाल्या. न चाळता घातले असते तर लागवडीनंतर पंधरा दिवसांत झाडे एकेक करून वाळली असती, आणि वर पानांवर कारण शोधत बसलो असतो. खताला अमोनियाचा वास येत असेल किंवा हात घातल्यावर ते गरम लागत असेल, तर ते वापरू नये.

दोन घमेली शेणखत बाजूला ठेवून त्यात १०० ग्रॅम ट्रायकोडर्मा (मुळांच्या रोगांवरची उपयोगी बुरशी) मिसळले, ओलसर करून सावलीत गोणपाटाखाली ठेवले. दर दोन दिवसांनी वर-खाली. लागवडीच्या वेळी खड्ड्यात हेच जाईल.

११ ऑक्टोबर

कुंड्यांची छाननी. पूर्ण कामात आजचा दिवस सर्वांत महत्त्वाचा मानावा, कारण कुंडीतला रोग कुंडीपुरता असतो आणि जमिनीत गेलेला रोग वर्षानुवर्षांचा.

प्रत्येक कुंडी आडवी धरून, बुंध्याच्या दोन्ही बाजूंनी बोटे ठेवून, कडेला थापट्या मारून मुळांचा गोळा बाहेर काढून पाहिला. एका टोमॅटोच्या मुळांवर मण्यांसारख्या गाठी: सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी). एका वांग्यावरही तेच. या गाठी नखाने सुट्या होत नाहीत, मूळच फुगलेले असते. (शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या उपयोगी गाठी बाजूला चिकटलेल्या असतात आणि सहज निघतात. दोन्हींत गल्लत करू नये.) दोन्ही झाडे मातीसकट पिशवीत बांधून कचऱ्यात दिली, कुंड्या उकळत्या पाण्याने धुतल्या. ती माती कंपोस्टमध्येही टाकायची नाही.

दोन टोमॅटोंची शेंड्याची पाने वाटीसारखी वर वळलेली, बारीक, कडा पिवळसर: पर्णगुच्छ. हा विषाणू पांढरी माशी पसरवते, त्यावर औषध नाही. एका मिरचीवर चुरडा-मुरडा. तिन्ही उपटली. अशा झाडाला ‘जमिनीत गेल्यावर सुधारेल’ म्हणून संधी देण्यात शेजारची चांगली झाडे जातात.

भेंडी जमिनीत लावायची नाही. तिचे सोटमूळ कुंडीच्या तळाला गोल फिरलेले होते, ते मोडले की झाड खुंटते. तीन भेंड्या कुंडीतच उतरवून संपेपर्यंत ठेवायच्या, नवी भेंडी जागेवर बी टोकून. दोडक्याचेही मूळ हलवलेले चालत नाही. २० लिटरच्या पिशवीत आहे, ती कुंपणाशी नेऊन तिचा फक्त तळ कापायचा आणि मोकळ्या केलेल्या मातीवर टेकवायची. मुळे खाली आपोआप उतरतील.

उरले ते असे. टोमॅटो ८: पैकी चार ३५ दिवसांची रोपे, ६ इंची कुंडीत (ट-१ ते ट-४), आणि चार ६० दिवसांची, १० इंची कुंडीत, फुलावर आलेली (ट-५ ते ट-८). मिरची ५, वांगी २. वाफ्यात मावतात: टोमॅटो ४५ सेंटिमीटरवर ८, समोरच्या ओळीत वांगी ६० वर आणि मिरची ४५ वर.

कुंड्यांतल्या मिश्रणाचीही नोंद. टोमॅटो: कोकोपीट २ भाग, गांडूळखत १ भाग, माती अजिबात नाही. मिरची-वांगी: कोकोपीट, गांडूळखत, माती समान. म्हणजे टोमॅटोच्या मुळांचा गोळा पिसासारखा हलका आणि तो जाणार चिकणमातीत. या सांध्यावर लक्ष ठेवायचे.

१२ ते २० ऑक्टोबर

रोपे कणखर करणे. गच्चीवर कुंड्या ५० टक्के शेडनेटखाली होत्या. सरळ ऑक्टोबरच्या उन्हात आणल्या तर पानांवर कागदासारखे पांढरे डाग पडतात. पहिले दोन दिवस सकाळी ९ पर्यंत ऊन, नंतर दोन दिवस ११ पर्यंत, मग तिसरा प्रहरही, सातव्या दिवसापासून पूर्ण दिवस. पाणी निम्मे केले, पण कोमेजू दिले नाही. नत्रयुक्त खत पूर्ण बंद: या काळात हिरवीगार, लुसलुशीत वाढ नको.

ट-५ ते ट-८ वरची उमललेली फुले आणि गोटीएवढी फळे खुडली. फळ पोसायचे की मूळ वाढवायचे, यात लागवडीनंतरच्या पंधरवड्यात झाड नेहमी फळाकडे झुकते. फुले खुडताना हात धजावत नाही, पण खुडावीतच.

२१ ऑक्टोबर

ठिबक. १६ मिलिमीटरची इनलाइन नळी, दर ३० सेंटिमीटरला ड्रीपर, प्रत्येकी ताशी २ लिटर. दोन ओळी, २४ ड्रीपर. गच्चीवरची टाकी वाफ्यापासून ६ मीटर उंच आहे, म्हणजे दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.६ किलो. ताशी २ लिटर हा आकडा १ किलो दाबाचा असतो. मोजपात्र ठेवून पाहिले: तासाला १.५ लिटर. म्हणजे अर्ध्या तासात ड्रीपरमागे ७५० मिलिलिटर. पुढचे सगळे वेळापत्रक याच आकड्यावर. जाळीचा फिल्टर टाकीकडच्या टोकाला, नळीच्या शेवटी बूच, जे पंधरा दिवसांनी उघडून गाळ सोडायचा.

बांबू आजच ठोकले. सहा फुटी, दीड फूट जमिनीत, प्रत्येक टोमॅटोच्या जागेच्या उत्तरेला १० सेंटिमीटरवर. लागवडीनंतर बांबू ठोकला तर तो मुळांच्या गोळ्यातूनच जातो.

२२ ऑक्टोबर

लागवड, दुपारी ४ नंतर. कुंड्यांना दुपारी १ वाजता भरपूर पाणी दिले होते. कोकोपीट एकदा पूर्ण सुकले की पाणी झिडकारते, त्यामुळे गोळा आतपर्यंत भिजला का हे वजनावरून पाहिले. वाफाही सकाळी अर्धा तास ठिबकने ओला.

हात साबणाने धुऊन काम. तंबाखू मळलेल्या हाताने टोमॅटो-मिरचीला स्पर्श करू नये, तंबाखूतला मोझॅक विषाणू या पिकांना लागतो.

ट-१ ते ट-४: उंची २५ सेंटिमीटर. खालची दोन-तीन पाने काढून खोड १० सेंटिमीटर जमिनीत. टोमॅटोच्या खोडाला मातीत गेलेल्या भागावर नवी मुळे फुटतात, हा त्याचा मोठा गुण. उभे खोल लावण्याऐवजी तिरपे लावले: खालची काळी माती ओल धरून ठेवते आणि तिथे हवा कमी असते. शेंडा दोन दिवसांत आपणहून वर वळतो. नर्सरीतून वांग्याच्या खुंटावर कलम केलेला टोमॅटो आणला असेल तर मात्र असे कधीच करू नये, कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे.

मिरची आणि वांगी कुंडीत होती त्याच पातळीला. मिरचीचे खोड मातीत पुरले की बुंध्याशी सड लागू शकते.

खड्डे गोळ्याच्या दीडपट रुंद. बाजू खुरप्याने खरवडून खडबडीत केल्या, कारण चिकण मातीत खुरप्याने गुळगुळीत झालेली भिंत मुळांना कुंडीसारखीच अडवते. तळाशी ट्रायकोडर्मा-शेणखताची एक ओंजळ. खड्ड्यात कुंडीतलेच हलके मिश्रण भरायचा मोह टाळला: भोवती चिकणमाती आणि मध्ये कोकोपीट म्हणजे मातीची वाटीच, पावसात तिथे पाणी साठते.

ट-५, ट-६, ट-७ या मोठ्या झाडांची मुळे कुंडीच्या आकारात गोल फिरली होती. गोळ्याला चार बाजूंनी वरून खाली दीड सेंटिमीटर खोल छेद दिले, तळाची जाळी सोडवली, बाहेरचे बोटभर कोकोपीट झाडले आणि मोकळी मुळे वाफ्याच्या मातीत पसरली. ट-८ लावताना अंधार झाला, त्यामुळे गोळा तसाच ठेवून माती लोटली. नोंद ठेवत आहे.

प्रत्येक बुंध्याला वर्तमानपत्राचे कडे, ७ सेंटिमीटर उंच, दोन सेंटिमीटर मातीत. रोपे रात्री बुंध्याशी कुरतडणाऱ्या अळीसाठी. प्रत्येक झाडाला हाताने एक लिटर पाणी. वर कमानीवर शेडनेट.

वाफ्याच्या दोन्ही टोकांना आफ्रिकन झेंडूची ४५ दिवसांची रोपे, कळीवर आलेली. फळ पोखरणाऱ्या अळीची मादी अंडी घालायला फुललेला झेंडू पसंत करते. झेंडू टोमॅटोबरोबर फुलला तरच उपयोग, म्हणून तो कळीवर आलेलाच लागतो.

२५ ऑक्टोबर

आंबवणीचे (लागवडीनंतरचे दुसरे) पाणी. ठिबक सकाळी अर्धा तास. दक्षिण कडेला रगडलेले धने आणि मेथी पेरली. सर्व झाडे ताठ. शेडनेट उद्यापासून फक्त ११ ते ४.

२८ ऑक्टोबर

शेडनेट काल पूर्ण काढले. आज दुपारी २ वाजता ट-२, ट-४, ट-६ आणि ट-८ कोमेजलेले, मान टाकलेली. ट-१, ३, ५, ७ ताजे. मिरचीच्या ओळीतही एक सोडून एक झाड मलूल. वाफ्याची माती हाताला ओली, अगदी ओली. पहिला विचार मर रोगाचा किंवा जास्त पाण्याचा येतो, आणि पाणी बंद करण्याची चूक होते.

पण रोग असा एकाआड एक मोजून लागत नाही. टेप लावला. ड्रीपर ३० सेंटिमीटरवर आहेत, झाडे ४५ वर. ट-१ बरोबर ड्रीपरखाली, ट-२ दोन ड्रीपरच्या मधोमध, दोन्हींपासून १५ सेंटिमीटर लांब, ट-३ पुन्हा ड्रीपरखाली. म्हणजे सम क्रमांकाची सगळी झाडे ड्रीपरांच्या मध्ये.

पण माती तर तिथेही ओली होती. ट-६ च्या कडेने खुरपे घालून उभा काप घेतला. चिकणमाती चिकट ओली, आणि तिला लागून असलेला कोकोपीटचा गोळा आतून कोरडा. बोटाला भुसा लागावा तसा.

कारण असे. चिकणमातीच्या पोकळ्या अतिशय बारीक, त्या पाणी घट्ट धरून ठेवतात. कोकोपीटच्या पोकळ्या मोठ्या, त्यांत ती ओढ नाही. त्यामुळे चिकणमाती ठिबकेपर्यंत तुडुंब झाल्याशिवाय तिच्यातले पाणी गोळ्यात शिरत नाही. उलट, गोळ्यातले थोडे पाणी मात्र कडेची चिकणमाती शोषून घेते. झाडाची बहुतेक मुळे अजून गोळ्यातच आहेत. मोठे झाड दुपारपर्यंत तो गोळा रिकामा करते आणि ओल्या मातीत उभे राहून तहानेने कोमेजते. ६ इंची कुंडीच्या गोळ्याची कड ड्रीपरपासून साडेसात सेंटिमीटर, १० इंचीच्या गोळ्याची अडीच सेंटिमीटर. पण अडीच सेंटिमीटरचे अंतरही या काळात पार होत नाही.

उपाय आजच. सम झाडांना बुंध्याशी, गोळ्याच्याच वर, सकाळी ७ आणि दुपारी १ ला अर्धा-अर्धा लिटर, झारीने सावकाश तीन हप्त्यांत. एकदम ओतले तर कोरड्या कोकोपीटवरून पाणी कडेने निघून जाते. संध्याकाळी नळीला छिद्रे पाडून ४ मिलिमीटरच्या मायक्रोट्यूबचे वेगळे ड्रीपर सम झाडांच्या बुंध्याशी आणले, मिरचीलाही.

पुन्हा करायचे असेल तर साधी नळी घेऊन झाडांच्या अंतरानुसार ड्रीपर बसवावेत. इनलाइन नळी हातात असेल तर झाडे ३० किंवा ६० वर लावावीत.

३१ ऑक्टोबर

चिंबवणीचे (तिसरे) पाणी. ट-२ आणि ट-४ दुसऱ्याच दिवशी ताठ झाले होते: रोपे लहान, गोळा लहान. ट-६ आज सावरला. ट-८ सकाळीही मलूल, खालची पाने पिवळी. मिरच्या ठीक.

गोळा तपासायला आता माती उघडी असण्याची गरज नाही, म्हणून आच्छादन: उसाचे पाचट ५ सेंटिमीटर जाड, बुंध्यापासून ५ सेंटिमीटर लांब. पाचट मातीत मिसळायचे नाही, मिसळले तर कुजताना ते नत्र खाते.

५ नोव्हेंबर

ट-८ काढला. गोळा कुंडीतून आत्ताच काढल्यासारखा, अखंड. चौदा दिवसांत एकही मूळ काळ्या मातीत शिरलेले नाही. शेजारी ट-७ च्या कडेने बोटभर उकरून पाहिले: छेद दिलेल्या जागेतून पांढरी मुळे वाफ्यात ४-५ सेंटिमीटर गेलेली. लागवडीच्या दिवशी दोघांतला फरक दहा मिनिटांच्या कामाचा होता.

नांगे (रिकाम्या जागा) भरायला रोप तयार होते: ट-१ ची १२ सेंटिमीटरची बगलफूट (पानाच्या बेचक्यातला कोंब) २५ ऑक्टोबरला काढून पाण्यात ठेवली होती, मुळे दोन सेंटिमीटर झाली. ती थेट वाफ्यात. तिच्याभोवती कोकोपीटच नसल्याने सांध्याचा प्रश्नच नाही. बगलफूट फक्त निरोगी झाडाची घ्यावी, विषाणू तिच्यातूनही येतो.

आजपासून आठवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश यांचे विद्राव्य खत), लिटरला ३ ग्रॅम, झाडाला अर्धा लिटर. सुतळीने बांबूला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधणी. ट-१ ते ट-४ वर एकच मुख्य खोड आणि पहिल्या गुच्छाखालची एक बगलफूट ठेवली, बाकी बगलफुटी सकाळी चिमटीने काढल्या.

१६ नोव्हेंबर

दोन मिरच्या आणि ट-३ ची शेंड्याची कोवळी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या. जुनी पाने ठीक. लोहाची कमतरता, ४ ऑक्टोबरच्या नोंदीत अपेक्षित होती. जुनी पाने आधी पिवळी पडली असती तर नत्राकडे पाहिले असते. चुनखडीच्या जमिनीत फेरस सल्फेट मातीत टाकून फायदा नाही, लगेच बद्ध होते. ईडीटीए स्वरूपातले लोहही इतक्या सामूला मातीत टिकत नाही, ते फवारणीला. लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी, पानांच्या दोन्ही बाजू. मातीतून द्यायचे तर ईडीडीएचए स्वरूपातले.

पिवळे चिकट सापळे दोन, शेंड्याच्या उंचीवर. पांढरी माशी मोजकी. निंबोळी अर्क ५ टक्के, दहा दिवसांनी.

ट-५ च्या दोन पानांत पारदर्शक फुगीर चट्टे, आत हिरवी अळी आणि काळी विष्ठा. नागअळीची रेघ बारीक आणि वेडीवाकडी असते, हा चट्टा पसरट आहे: टुटा. ही दक्षिण अमेरिकेतली कीड, भारतात २०१४ साली पहिल्यांदा महाराष्ट्रात नोंदली गेली. पाने तोडून पिशवीत, पिशवी उन्हात. कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारा) लावला.

१ डिसेंबर

ट-५, ट-७ वर लिंबाएवढी फळे. ट-७ च्या पहिल्या गुच्छातल्या दोन फळांच्या तळाशी तपकिरी, चामड्यासारखा खोलगट डाग. कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत न पोचल्याचे हे लक्षण. या मातीत कॅल्शियम मुबलक आहे, ते पाण्याबरोबर वाहून फळात जाते आणि पाणीच अनियमित झाले: २२ ते २५ नोव्हेंबर टाकी साफसफाईसाठी रिकामी होती, मग भरपाई म्हणून एकदम तासभर सोडले. डागाळलेली फळे काढली. आता रोज ३० मिनिटे, खाडा नाही. पाण्याची वेळ सुधारली की पुढचे गुच्छ आपोआप स्वच्छ येतात, कॅल्शियमची फवारणी त्याची जागा घेऊ शकत नाही.

१९:१९:१९ थांबवून १३:०:४५, त्याच प्रमाणात. मेथी उपटली, तिथे मुळा टोकला.

२१ डिसेंबर

भिंतीची सावली माध्यान्हीला मोजली: १.८८ मीटर. वाफ्याची कड २.१ वर, म्हणजे कोथिंबीरही उन्हात. रात्री गारठल्या आहेत. रात्रीचे तापमान १३ अंशांच्या खाली गेले की टोमॅटोचे परागकण नीट काम करत नाहीत, काही फुले गळतात. सकाळी १० ते ११ दरम्यान बांबूला हलक्या टिचक्या मारायच्या, पराग सुटतात. मिरचीची वाढ थांबल्यासारखी दिसते. तिला जास्त खत देऊ नये, थंडी ओसरली की ती चालू लागते. पाणी २० मिनिटांवर आणले, संध्याकाळचे पाणी बंद: रात्रभर ओलावा म्हणजे करप्याला आमंत्रण. जमिनीला टेकलेली पाने काढली.

६ जानेवारी

आजवरची तोडणी: टोमॅटो ५.२ किलो, मिरची ६०० ग्रॅम, वांगी ११. बगलफुटीपासून लावलेल्या झाडावर पहिला गुच्छ धरला आहे, उंचीने ते ट-४ च्या बरोबरीला आले.

मायक्रोट्यूबचे जादा ड्रीपर बंद करून आठवडा झाला, सम झाडे दुपारी ताठ. मुळे काळ्या मातीत पोचली.

उन्हाळी रोपांच्या कुंड्या भरल्या: कोकोपीट १ भाग, गांडूळखत १ भाग आणि याच वाफ्याची चाळलेली माती १ भाग. कुंड्या ४ इंची, रोपे ३० दिवसांच्या आत वाफ्यात.